निम्मे पैसे आधी

कपाट दारात उभं होतं आणि बाई म्हणत होत्या, "नको."

सुताराने आधी हातगाडीवाल्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा बाईंकडे. तिघांपैकी कुणीतरी चेष्टा करत असणार, असं त्याला वाटलं. पण हातगाडीवाला मुकाट्याने घाम पुसत होता, आणि कपाट काही बोलणारं नव्हतं.

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. ह्यांनी परवाच तयार आणलं दुकानातून. स्वस्तात मिळालं. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघा." बाईंचा आवाज इतका गोड होता, जणू दूध उतू गेल्याची गोष्ट सांगत होत्या.

"अहो, पण हे तुमच्या जिन्याखालच्या मापाचं आहे. एका टोकाला सहा फूट, दुसऱ्या टोकाला दीड. लांबी नऊ फूट. हे मी दुसऱ्या कुणाला देऊ?"

"असतील की जिने लोकांकडे," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं, अगदी सभ्यपणे. कुणी भांडलं असतं तर त्यालाही चार शब्द सुचले असते.

नऊ फुटांचं तिरकं कपाट घेऊन वरात परत कारखान्यात आली. कारखाना म्हणजे काय, तर रस्त्याकडेची एक लांबट खोली. मध्ये कामाचा ओटा, भिंतीला करवती आणि पटाश्या, कोपऱ्यात भुशाचा ढीग. कपाट आत घेतल्यावर माणसाला वळायला जागा उरली नाही. सुतार स्टुलावर बसला तो बसूनच राहिला.

तीस वर्षांत त्याने कामाआधी कुणाकडून एक पैसा घेतला नव्हता. त्याच्या वडिलांची रीत होती ती. एका कामापुरतं लाकूड आणायचं, ते काम पुरं करायचं, पोचवायचं, पैसे घ्यायचे, मग त्यातून पुढचं लाकूड. ओट्यावर एका वेळी एकच वस्तू. दुसरी घ्यायची म्हटली तरी घेता येत नसे, कारण लाकडाला पैसेच नसत. गिऱ्हाईक थांबायचं, कुरकुरायचं, पण ठरल्या दिवशी वस्तू घरी यायची. "शब्द दिला, शब्द घेतला, हाच विसार," असं वडील म्हणत. आता त्यांचा लाकूड तासायचा जाड, काळपट रंधा तेवढा ओट्यावर उरला होता. मुठीपाशी त्यांच्या अंगठ्याने पडलेला खळगा होता, आणि त्यात सुताराचा अंगठा बरोबर बसायचा.

संध्याकाळी लेक कामावरून आली ती दारातच थबकली. ती एका छापखान्यात हिशेब आणि ऑर्डरी बघायची.

"बाबा, हे परत का आलं?"

त्याने सांगितलं. लेक ऐकत गेली तशी तिच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"आमच्याकडे कुणी स्वतःच्या नावाची शंभर कार्डं छापायला सांगितली, तर निम्मे पैसे ठेवल्याशिवाय आम्ही शाईची बाटली उघडत नाही. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड कोण विकत घेणार? तुमचं काम तसंच आहे. माप म्हणजे गिऱ्हाईकाचं नावच की हो त्या लाकडावर!"

"लोक काय म्हणतील? ह्याचा आमच्यावर विश्वास नाही म्हणतील."

"आणि आज तुमच्यावर कुणाचा विश्वास होता? दार तर लावून घेतलं."

दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताक फुंकायला हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी लेकीने छापखान्यातून एक पाटी करून आणली आणि दाराशी टांगली. लाल अक्षरांत: निम्मे पैसे आधी.

पाटीवर पहिला शेरा आला तो समोरून. रस्त्याच्या पलीकडे शिंप्याचं दुकान होतं. सुतार आणि शिंपी एकाच वर्षी इथे धंद्याला लागले होते. शिंपी त्याला लाकडोबा म्हणायचा आणि सुतार त्याला सुईदोरा.

"काय लाकडोबा, आता तुझ्या दारात शिंकायचं म्हटलं तरी निम्मे पैसे आधी का?"

"तू नको बोलूस, सुईदोरा. तू तर अख्खं कापड आधी ठेवून घेतोस. गिऱ्हाईकाचं कापड तुझ्या फळीवर म्हणजे त्याची शेंडी तुझ्या हातात. ते जाईल कुठं? माझं लाकूड मात्र माझंच, आणि नुकसानही माझंच."

शिंप्याने मागे वळून आपल्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बरोबर केलंस."

लोक रागावतील, निघून जातील, असं सुताराला वाटलं होतं. झालं भलतंच. पहिल्याच माणसाने पाटी वाचली आणि खिशात हात घातला. दुसऱ्याने तर विचारलं, "निम्मेच? सगळे ठेवू का?" सुतार त्याच्याकडे बघतच राहिला. तीस वर्षं तो ज्या गोष्टीला लाजत होता, ती गोष्ट लोक बसचं तिकीट काढावं इतक्या सहज करत होते! दोन आठवड्यांत त्याच्याकडे दातांच्या डॉक्टरांची फडताळं, एका शाळेची बाकं, एका घराची दोन दारं आणि एक झोपाळा अशी चार कामं आली. ओट्याच्या खणात पैसे होते, भिंतीला लाकूड टेकलं होतं. एका वेळी एकच वस्तू ही गरिबीची रीत होती, असं त्याला वाटू लागलं.

त्याच सुमारास शिंप्याची बायको घरातल्या घरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. पाय टेकायला दोन-तीन महिने तरी लागतील, तोवर चाकांची खुर्ची, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिंप्याचं घर दुकानाच्या मागे होतं, आणि दुकानातून घरात जायला दोन पायऱ्या होत्या. त्याखेरीज घरात शिरायला दुसरी वाट नव्हती.

शिंपी स्वतःच्या टेपने माप घेऊनच आला. "दोन पायऱ्या मिळून नऊ इंच उंची. मला त्यांच्यावरून लाकडाची उतरण हवी, खुर्ची ढकलत नेता येईल अशी. किती लांब लागेल?"

"इंचाला एक फूट धर. नऊ फूट. अंगाला कठडा, खाली पाचर, वर खरखरीत पट्ट्या. सोपं आहे."

"तिला तीन आठवड्यांनी घरी सोडणार आहेत. शुक्रवारी दुपारी." आणि त्याने शर्टाच्या उरलेल्या तुकड्याची शिवलेली एक छोटी थैली ओट्यावर ठेवली. थैलीला नाडीसुद्धा होती.

"हे काय? तुझ्याकडून कसले पैसे घेऊ?"

"का? तुझी पाटी काय फक्त परक्यांना दिसते? घे. मला बरं वाटेल. पैसे दिले की काम झालंच म्हणून मला शांत झोप तरी लागेल."

सुताराने थैली खणात टाकली. झोप लागली खरी, पण ती सुताराला.

कारण असं झालं. पैसे न घेतलेलं काम माणसाला पाठीत टोचत राहतं. ते पुरं झाल्याशिवाय घरी काही येत नाही. पैसे घेतलेल्या कामाची मात्र उशी होते. दातांचे डॉक्टर रोज फोन करत, म्हणून त्यांची फडताळं आधी ओट्यावर चढली. शाळेची बाई स्वतः येऊन बाकांवर बसून बघायची, म्हणून बाकं मध्ये घुसली. झोपाळ्याचं लाकूड कमी पडलं, तेव्हा सुताराने खणात हात घालून हाताला लागले ते पैसे उचलले आणि लाकूड आणलं. शिंपी फोन करत नव्हता. तो फक्त रस्त्यापलीकडून गळ्यातला टेप हलवून विचारायचा, "आठवण आहे ना रे?"

"आहे, आहे! तुझं काय, दोन दिवसांचं काम."

दोन दिवस पुढे पुढे सरकत राहिले. मापाचा कागद भुशाखाली गेला.

गुरुवारी सकाळी शिंपी कारखान्यात आला तेव्हा सुतार दारांच्या मालकाला बिजागऱ्या दाखवत होता. शिंपी थोडा वेळ उभा राहिला. भिंतीला टेकलेली फडताळं, बाकं, झोपाळ्याचे खांब, एकेक करून त्याने सगळं बघितलं. मग त्याने विचारलं, "एक करवत देशील?"

"घे की, ती मोठी घे," सुतार मान न वळवता म्हणाला आणि पुन्हा बिजागऱ्यांकडे वळला.

करवत कशाला, हे त्याने विचारलं नाही. कापडाच्या धंद्यातला माणूस लाकूड कापायची करवत मागतो, आणि सुताराला त्यात काही वावगं वाटलं नाही!

शुक्रवारी दुपारी तो झोपाळ्याची कडी बसवत असताना रस्त्यापलीकडून आवाज आला. धाड! जाड फळी फरशीवर आपटल्याचा आवाज. असे आवाज त्याने जन्मभर ऐकले होते. पण त्याच्या पाठोपाठ एका बाईची किंकाळी आली, आणि ती किंकाळी ओळखीची होती.

आज शुक्रवार होता.

सुताराच्या हातातली कडी गळून पडली. रस्ता त्याने कसा ओलांडला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. शिंप्याच्या दुकानाच्या दारात तो पोचला आणि तिथेच खिळला.

दुकानाच्या मधोमध शिंप्याचं कापड बेतायचं टेबल असायचं. ते तिथे नव्हतं. तिथे चार पाय उभे होते, नुसते पाय, टेबलाखालून उपटलेले. टेबलाची फळी उभी कापून तिचा निम्मा भाग पायऱ्यांवर तिरका टाकलेला होता, आणि तो घसरून खाली आला होता. कापलेली कड वेडीवाकडी, दात काढल्यासारखी दिसत होती. फळीच्या पायाशी चाकांची खुर्ची आडवी फिरलेली, खुर्चीत वहिनी दोन्ही हातांनी दांडे आवळून बसलेल्या. खुर्ची आणि भिंत ह्यांच्यामध्ये शिंपी चेंगरलेला, आणि त्याच्या डाव्या अंगठ्याला हे एवढं पांढरं फडकं. त्यातून लाल फुटत होतं.

ते टेबल सुताराने केलं होतं. तीस वर्षांपूर्वी, कारखान्यातलं पहिलं काम. तेव्हा शिंप्याकडे पैसे नव्हते आणि सुताराने मागितले नव्हते. दीड इंच जाड फळी, सहा फूट लांब, चार फूट रुंद. तीस वर्षं तिच्यावरून कापड सरकून सरकून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. खडूच्या रेघा, कात्रीचे ओरखडे, शिंप्याच्या कोपराने पडलेला फिकट डाग. असल्या गुळगुळीत फळीवर चाक चढेल कसं? आणि नऊ फुटांचा चढ सहा फुटांत बसेल कसा?

"वहिनी!" त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"या, भावोजी," वहिनी म्हणाल्या. त्यांचा रंग उडाला होता, पण जीभ शाबूत होती. "बघा, ह्यांनी मला चढवली ती थेट खाली! आता मी दुकानातच राहते. शिवायला आलेल्या कपड्यांत माझंही एक गाठोडं. पायाला लागलं नाही, घाबरू नका. आधी ह्यांना भिंतीतून काढा."

सुताराने खुर्ची मागे घेतली, चाकांचे ब्रेक लावले, शिंप्याला स्टुलावर बसवलं.

"अंगठा?"

"काल. तुझ्या करवतीने." शिंपी अंगठ्याकडे असं बघत होता जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "पाच टाके. जन्मभर दुसऱ्यांना टाके घातले, आता बसले मला. आज ढकलताना उसवले वाटतं."

"अरे, पण मला एका शब्दाने बोलायचंस! टेबल कापलंस? टेबल?"

"बोललो की," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचाच सुताराला धसका बसला. "तीन आठवडे बोलतोय. काल आलो तेव्हा बघितलं. तुझ्याकडे सगळं होतं, माझी एक पट्टीसुद्धा कापलेली नव्हती. एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण आमच्या धंद्यातली, लाकडोबा. तू कधी उचललीस?"

"मला हाक मारायचीस. ओरडायचंस माझ्या अंगावर."

"कसा ओरडू? तुला पैसे दिले होते. पैसे दिलेल्या माणसावर ओरडायचं म्हणजे पैसे परत मागितल्यासारखं होतं. नुसता शब्द दिला असतास, तर कान धरून आणला असता तुला."

सुतार उठला आणि कारखान्यात आला. खण उघडला. ती थैली तिथेच होती, नाडी सैल सुटलेली. त्याने ती उघडली. आत काही नव्हतं.

त्याने थैली उलटी केली, आतून चाचपली, पुन्हा उलटी केली. मग त्याची नजर झोपाळ्याच्या खांबांवर गेली. लाकूड कमी पडलं म्हणून त्या दिवशी हाताला लागले ते पैसे हेच होते. वहिनींची उतरण दुसऱ्याच्या अंगणात झोके घेणार होती.

जिन्याखालच्या कपाटावरून त्या बाईंनी त्याला फसवलं, असं तो महिनाभर येईल त्याला सांगत होता. आता ह्या थैलीचं काय सांगणार होता? त्या बाईंनी निदान कुणाचे पैसे तरी घेतले नव्हते.

भिंतीशी ते तिरकं कपाट उभं होतं. नऊ फूट लांब. सुताराने त्याच्याकडे पाहिलं आणि हातोडा उचलला.

लेक संध्याकाळी आली, तेव्हा कपाट खोलीत नव्हतं. त्याची दारं, खण, पाठ, सगळं सुटं होऊन समोरच्या दुकानात गेलं होतं, आणि बाबा तिथे गुडघ्यांवर बसून खिळे ठोकत होते. कपाटाची नऊ फुटी तळफळी पायऱ्यांवर आली होती. बाजूच्या तिरक्या तुकड्यांच्या पाचरी झाल्या होत्या. दाराच्या चौकटीचा कठडा झाला होता. लेकीने शिंपीकाकांचा अंगठा पाहिला, टेबलाचे नुसते पाय पाहिले, आणि तिने तोंडावर हात घेतला.

"पाटी मी आणली होती," ती म्हणाली.

"पाटी नाही चुकली," सुतार खिळे दातांत धरून म्हणाला. "पाटीवर अर्धंच लिहिलं होतं."

दिवेलागणीला उतरण तयार झाली. शिंप्याने एका हाताने आणि सुताराने दोन हातांनी खुर्ची ढकलली. चाकं खरखरीत पट्ट्यांवरून कुरकुरत वर गेली. उंबऱ्याशी वहिनींनी खुर्ची थांबवायला लावली आणि घराच्या आत नजर फिरवली. इतक्या दिवसांनी त्या घर बघत होत्या.

"भावोजी," त्या मागे वळून म्हणाल्या, "उतरणीचं झालं. ह्यांच्या टेबलाचं काय? फरशीवर बसून का बेतणार हे?"

"नवीन करतो वहिनी. फुकट. उद्यापासून."

"उद्या! तुमचा उद्या आम्ही तीन आठवडे बघितला."

सुतार खाली मान घालून उतरला, कारखान्यात गेला आणि वडिलांचा रंधा घेऊन आला. त्याने तो वहिनींच्या मांडीवर ठेवला. जड होता, वहिनींनी दोन्ही हातांनी सावरला.

"हा माझ्याकडचा विसार. टेबल पुरं होईतो तुमच्याकडे."

शिंप्याने डोळे विस्फारले. हा रंधा सुतार कुणाला हात लावू देत नसे. एकदा शिंप्याने त्यावर चहाचा कप ठेवला, तर सुतार आठ दिवस बोलला नव्हता. "अरे वेड्या, रंधा इथं राहिला तर तू काम कशाने करणार?"

"तेच तर," सुतार म्हणाला. "दुसऱ्याचं काम करता येणार नाही."

"आणि आमचं?" वहिनींनी विचारलं.

सुतार गोंधळला. हा विचार त्याने केला नव्हता.

"मग असं करा," वहिनी म्हणाल्या आणि रंधा पोटाशी धरला. "सकाळी इथं यायचं. मी रंधा देणार. माझ्या डोळ्यांसमोर फळी रंधायची. संध्याकाळी रंधा परत माझ्याकडे. कापडावर भुसा उडाला तर ह्यांचं ऐकायचं."

"आणि डॉक्टरांची फडताळं? झोपाळा?" लेक म्हणाली. "त्यांचे पैसे घेतलेत, बाबा."

"उद्या चौघांकडे जातो. तुमची पाळी अमुक दिवशी, थांबायचं नसेल तर पैसे परत, असं सांगतो. पदरचे भरावे लागले तरी भरतो."

चौघांपैकी दोघे थांबले, एकाने पैसे परत घेतले आणि दातांच्या डॉक्टरांनी बरंच काही ऐकवलं. पाच दिवस सुतार शिंप्याच्या दुकानात रंधत होता आणि शिंपी अंगठा उंच धरून "भुसा! भुसा!" म्हणून ओरडत होता.

सहाव्या दिवशी नवं टेबल चार पायांवर उभं राहिलं. पाय जुनेच होते. वहिनींनी रंधा परत दिला, पण देण्याआधी पदराने पुसला.

कारखान्याच्या दाराशी लाल अक्षरांची पाटी अजून आहे. आधीची कामं पुरी झाल्यावर पहिलं नवं गिऱ्हाईक आलं, त्याने ती वाचली, पैसे मोजून ओट्यावर ठेवले आणि जायला वळलं.

"थांबा," सुतार म्हणाला. "हे घेऊन जा." आणि त्याने वडिलांचा रंधा त्या माणसाच्या हातात दिला. "उद्या सकाळी मी तुमच्याकडे न्यायला येईन. न्यायला आलो की काम सुरू झालं समजा. संध्याकाळी परत आणून ठेवीन."

तो माणूस एकदा रंध्याकडे, एकदा पाटीकडे, एकदा सुताराकडे बघत तसाच उभा राहिला, तोंडाचा आ वासून.

रस्त्यापलीकडून आवाज आला, "घ्या हो, घ्या! जड आहे, दोन्ही हातांनी धरा!"